हिऱ्याचे पाणी

मनमाडच्या माणसाला पाण्याविषयी कुणी शिकवू नये. ज्या गावात नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी आलेले आम्ही पाहिले आहे, पाणी आल्याची बातमी जिथे बारशाच्या बातमीपेक्षा वेगाने घरोघर पोचते, आणि सोयरीक जुळवताना मुलीकडची माणसे मुलाच्या पगाराआधी अंगणातल्या टाकीची खोली विचारतात, त्या गावात माझी साठ वर्षे गेली. वागदर्डीच्या धरणात किती पाणी उरले आहे, हे मला बँकेतल्या शिलकीपेक्षा अधिक बिनचूक ठाऊक असते. असे असूनही गेल्या वर्षी नाशिकच्या एका सराफी पेढीत, थंडगार हवेच्या खोलीत मखमली खुर्चीवर बसून, समोरच्या तरुण विक्रेत्याला मी मोठ्या ऐटीत विचारले, "या हिऱ्याचं पाणी कसं आहे?" तेव्हा त्याने घाईघाईने पोऱ्याला हाक मारली आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली मागवली.

दोष त्याचा नव्हता. हिऱ्याला पाणी असते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नव्हते. आमची आई हिऱ्याकडे पाहून 'पाणी चांगलं आहे' म्हणायची, तेव्हा त्यात त्या खड्याचा स्वच्छपणा, त्याचे तेज, त्याच्या आतून उसळणारा उजेड असे सगळेच येत असे. या पोराला मात्र इंग्रजी मुळाक्षरे येत होती. ई, एफ, जी, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय! आगगाड्यांच्या डब्यांवर अशी अक्षरे वाचण्यात माझा जन्म गेला. पण दागिन्याच्या दुकानात ती ऐकून मी बावचळलो.

आम्ही तिथे का गेलो होतो, तेही सांगतो. कन्येचे लग्न ठरले होते. आजवर आमच्या घरात हिरा शिरला होता तो एकदाच, माझ्या आईच्या कुड्यांच्या रूपाने. मधे एक आणि भोवती सहा, असे दोन कानांत मिळून चौदा हिरे. आई गेल्यापासून त्या कुड्या बँकेच्या कपाटात होत्या. त्या मोडून लेकीला काहीतरी नवे, आजच्या मुलींना शोभेल असे करावे, हा आमच्या हिचा बेत. नाशिकच्या पेढीने कुड्यांकडे ओझरते पाहिले आणि सांगितले, "सोन्याचे पैसे देऊ. जुने हिरे आम्ही धरत नाही." मग हिने फणकाऱ्याने कुड्या पिशवीत परत टाकल्या आणि आम्ही नवे हिरे पाहायला बसलो.

निघताना घरात हिने मला बजावले होते, "हे पाहा, हिरा घ्यायचा तो बावीस कॅरेटचा. अठराचा मला चालायचा नाही." बावीस कॅरेटचा हिरा म्हणजे जवळजवळ साडेचार ग्रॅमचा धोंडा, तो घ्यायचा तर आमच्या गावातली अन्न महामंडळाची गोदामे धान्यासकट विकली तरी पुरेसे होईल की नाही, कोण जाणे. पण हसू नका. हा घोटाळा शंभरातल्या नव्वद घरांत आहे. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, चोविसात किती भाग सोने ते. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे पुन्हा शंभर सेंट. तीस सेंटचा हिरा म्हणजे ६० मिलिग्रॅम. शिवाय हिऱ्याचा दागिना बहुधा अठरा कॅरेटच्या सोन्यातच करतात, कारण बावीसचे सोने मऊ. ते खड्याला घट्ट धरून ठेवीत नाही. आणि २०२१ पासून सक्तीचा झालेला तो हॉलमार्कचा छाप, ज्याच्यावर आपण निर्धास्त होतो, तो सोन्याची साक्ष देतो. हिऱ्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. हिऱ्याला त्याचा स्वतंत्र दाखला लागतो. त्यातला पुष्कळांना मान्य असलेला दाखला अमेरिकेतल्या जीआयए नावाच्या संस्थेचा. ती संस्था १९३१ साली निघाली आणि हिऱ्याची ती मुळाक्षरे तिनेच रुळवली.

त्या मुलाने मला चार गोष्टी समजावल्या. वजन, रंग, स्वच्छता आणि घडण. रंग 'डी' या अक्षरापासून मोजतात. डी म्हणजे रंगच नाही, निखळ पांढरा, आणि मग 'झेड'पर्यंत उतरत जाताना पिवळेपणा वाढत जातो. स्वच्छता म्हणजे आत डाग, रेघ, ठिपका आहे का, ते दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहायचे. हे ऐकताच माझ्यातला जुना नोकर जागा झाला. रेल्वेच्या इथल्या कारखान्यात पुलांचे गर्डर तयार होतात, आणि त्या गर्डरांतले दोष हुडकणे हे माझे काम. लोखंडावर रॉकेल लावावे, पुसून घ्यावे, वर चुना फासावा. कुठे केसाएवढी चीर असली तर तिच्यात शिरलेले रॉकेल चुन्यावर काळी रेघ उमटवते. असे मी पस्तीस वर्षे केले. तेव्हा भिंग हाती येताच मी समोरचे हिरे गर्डरासारखे तपासू लागलो. "यात ठिपका आहे. याच्यात पीस आहे पिसासारखं. हा कडेला चिरलाय." नऊ हिरे मी नापास केले. विक्रेत्याच्या कपाळावर त्या थंड हवेतही घाम आला. दहावा निर्दोष निघाला. मी विजयी मुद्रेने तो कन्येपुढे ठेवला.

ती म्हणाली, "बाबा, ते भिंग जरा खाली ठेवा, आणि नुसत्या डोळ्यांनी बघा."

मी पाहिले. माझा निर्दोष हिरा निजलेल्या माणसाच्या डोळ्यासारखा होता. त्याच्या शेजारी मी नापास केलेला, कडेला काळा ठिपका असलेला हिरा मात्र बोट जरा हलवले की पेटत होता. वजन दोघांचे जवळजवळ सारखे; रंग सारखा. फरक होता तो चौथ्या गोष्टीचा, घडणीचा, जिच्याविषयी मी काही विचारलेच नव्हते.

आता जे मी शिकलो ते असे. हिऱ्यात शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर, आपल्या डोळ्यांत आला पाहिजे. पैलू योग्य कोनात असले तर तो येतो. हिरा फार उथळ कापला, की उजेड तळातून गळून जातो. फार खोल कापला, की बाजूंनी गळतो. ज्या गावात फुटक्या नळाची गळती पाहून माणसाच्या पोटात कालवते, त्या गावच्या मला ही गोष्ट कुणी 'गळती' या शब्दात सांगितली असती तर पहिल्या मिनिटाला समजली असती! या कोनांचे गणित मार्सेल टोल्कोव्स्की या हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या तरुण इंजिनिअराने १९१९ मध्ये मांडले. गोल हिऱ्याला आज जे ५७ पैलू पाडतात, तळाचे टोक धरले तर ५८, त्यांच्या मापांना त्या गणिताचा आधार आहे. पण माल कापणाऱ्याचे मन वजनाकडे ओढते, कारण पैसे वजनावर मिळतात. म्हणून पुष्कळ हिऱ्यांच्या पोटात वजन लपवलेले असते. वरून पाहावे तर लहान, तराजूत टाकावे तर जड. तेव्हा गोल हिरा घेताना दाखल्यात घडणीपुढे काय शेरा आहे, तो आधी वाचावा. त्या पोटी एखादा ठिपका पदरात आला, तर येऊ द्यावा. जो डाग भिंगाशिवाय दिसत नाही, तो तुमच्या विहिणीलाही दिसणार नाही. (विहिणीला दिसत नाही असा डाग जगात असतो, यावर आमच्या हिचा अजून विश्वास बसलेला नाही.) आणखी एक गंमत म्हणजे पुरा एक कॅरेट भरला की दर एकदम उडी मारतो. ९५ सेंटचा हिरा बोटात घातला तर ब्रह्मदेवाला ओळखू येणार नाही, पण खिशाला मात्र फरक कळतो.

रंगाबद्दल एकच सांगतो. दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. ते दिवे तिथे हिऱ्यासाठीच लावलेले असतात. त्यांच्याखाली काचही नाचते. सुटा हिरा पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवावा आणि दाराशी नेऊन सरळ ऊन नसलेल्या उजेडात पाहावा. एकदा तो पिवळ्या सोन्याच्या कोंदणात बसला, की त्याचा स्वतःचा पिवळेपणा सोन्यात मिसळून जातो. यात फसवणूकही आहे आणि सोयही. सोन्यातच बसवायचा असेल तर डी-ईचे पैसे कशाला मोजायचे?

घरी आल्यावर मला वाचनाचे वेड लागले. सेवानिवृत्त माणसाला दुसरे काय काम! सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याच्या परीक्षेवर लिहून ठेवले आहे. आज भिंगातून जे डाग पाहतात, त्यांना त्याने नावे दिली आहेत: कावळ्याच्या पायासारखा डाग, माशीसारखा डाग, केसासारखा डाग. अमेरिकन दाखल्यातल्या अक्षरांपेक्षा मला ही नावे केव्हाही अधिक पटतात. मात्र उत्तम हिरा पाण्यावर तरतो, असेही तो म्हणतो, ते काही खरे नाही. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड. तो तळाशीच जाणार. दुसरी समजूत घणाची. खरा हिरा घणाने फुटत नाही, असे आमच्या लहानपणी सगळेच सांगत. कठीण असणे वेगळे आणि चिवट असणे वेगळे, हे कारखान्यातला कोणताही फिटर सांगेल. हिरा काचेवर ओरखडा काढील, पण हातोडीखाली नेमक्या दिशेने सापडला तर त्याचे तुकडे होतील. अशा परीक्षेने किती खरे हिरे खोटे ठरून मेले असतील, देव जाणे.

आणि मग मला आमच्याच जिल्ह्यातला हिरा सापडला. नाशिकच्या नावाने तो जगभर ओळखला जातो आणि आम्हा जिल्ह्यातल्या माणसांना त्याची गंधवार्ता नसते. त्र्यंबकेश्वराच्या देवळात तो महादेवापाशी होता, असे सांगतात. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई बुडाली, तेव्हा तो इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला गेला. त्या वेळी त्याचे वजन नव्वद कॅरेटच्या जवळपास होते. पण तो लंडनच्या जव्हेऱ्यांना काही पसंत पडला नाही. त्याचा आकार साधारण त्रिकोणी, घडण जुनी हिंदुस्थानी. आपल्याकडच्या कारागिरांची रीत सतराव्या शतकात टॅव्हर्निये या फ्रेंच जव्हेऱ्याने लिहून ठेवली आहे. दगड स्वच्छ असला तर त्याला नुसते घासून चकाकी द्यावी, आणि डाग असला तर तो झाकण्यापुरते पैलू पाडावेत. म्हणजे दगडाचे वजन होता होईल तो राखायचे. देवाने दिलेले कमी करायचे नाही, अशी काही भावना त्यात असेल, की निव्वळ व्यवहार, हे आता कोण सांगणार? लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीने तो विकत घेतला आणि पुन्हा कापला. दहाएक कॅरेट झडले, उजेड वाढला. १८३७ साली तो वेस्टमिन्स्टरच्या उमरावाने लिलावात घेतला. तेवढ्यानेही भागले नाही. १९४० मध्ये हॅरी विन्स्टन नावाच्या अमेरिकन जव्हेऱ्याने तो घेतला आणि पुन्हा सहाणेवर चढवला. ४३.३८ कॅरेट उरला. मूळच्या निम्म्याहून कमी! पण अगदी निर्दोष.

कोहिनूरचेही तेच झाले. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोक रांगा लावून तो पाहायला गेले आणि हिरमुसून परतले, कारण तो चमकेना. पुढच्या वर्षी त्याला कापले; १८६ कॅरेटचे १०५ वर आले. मी हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. त्र्यंबकला मी किती वेळा गेलो असेन! समईच्या उजेडात, गाभाऱ्याच्या ओल्या काळोखात, त्या नव्वद कॅरेटच्या ओबडधोबड हिऱ्याचे तेज कसे दिसत असेल? विजेच्या झोतात त्याला नापास करणाऱ्यांनी तो तिथे पाहिलेला नव्हता.

कन्येला माझा हा इतिहास फारसा रुचला नाही. तिचे म्हणणे, "बाबा, प्रयोगशाळेतला हिरा घेऊ. तोही हिराच असतो." चौकशी करता कळले, की खरोखरच असतो. तो काच नव्हे, अमेरिकन डायमंड म्हणून जो झिरकोनियाचा खडा मिळतो तोही नव्हे. तोच कार्बन, तीच रचना, फक्त पृथ्वीच्या पोटात युगानुयुगे न राहता यंत्रात काही आठवड्यांत तयार झालेला. नुसत्या डोळ्याला काय, जव्हेऱ्याच्या भिंगालाही दोघांतला फरक सहसा सांगता येत नाही. त्याला खास यंत्रे लागतात. आपल्या पंतप्रधानांनी २०२३ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला होता. भाव मात्र खाणीतल्या हिऱ्याच्या अगदी थोड्या हिश्शात, आणि तोही वर्षावर्षाला उतरत गेलेला. २०२५ साली जीआयएने या हिऱ्यांना ती जुनी मुळाक्षरे देणेही थांबवले आणि नुसत्या दोन प्रती ठेवल्या. उद्या मोडायला गेलो तर काय मिळेल, या प्रश्नाला दुकानदार हसतो. पण खाणीतल्या हिऱ्यालाही घेतल्या भावाने परत घेणारा मला कुणी भेटला नाही. मी कन्येला म्हटले, "घालायचा असेल तर खुशाल घे. ठेवायचा असेल तर सोने घे." अंगठी तिने प्रयोगशाळेतली घेतली, चांगल्या घडणीची. माझ्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

पण हिच्या डोक्यातून कुड्या जाईनात. "सासूबाईंचे हिरे म्हणजे काय गारगोट्या आहेत? मुंबईला नेऊन दाखवू." मी चार महिने टाळाटाळ केली. त्याला कारण होते. ते मी हिला पस्तीस वर्षांच्या संसारात सांगितलेले नव्हते.

शेवटी एका सकाळी पंचवटी एक्सप्रेसने आम्ही तिघे मुंबईला गेलो. झवेरी बाजारातल्या एका गल्लीत, दोन जिने चढून, एक वृद्ध जव्हेरी बसत. दुकानात झगमगाट नव्हता. खिडकी मात्र मोठी होती. त्यांनी आधी कुड्या पाहिल्याच नाहीत. मुलाला सांगून त्या कोमट पाण्यात साबण घालून मऊ कुंचल्याने धुवून आणवल्या. "हिऱ्याला तेल फार लवकर चिकटतं, साहेब. खाणीतसुद्धा हिरे वेगळे काढायला चरबी फासलेले पट्टे वापरतात. दगड वाहून जातात, हिरा चिकटून बसतो. माणसाच्या कानात पन्नास वर्षं राहिला, तर त्याच्यावर केवढं तेल बसलं असेल!" मला आठवले, दर दिवाळीला अभ्यंगस्नान झाले की आई रिठ्याच्या पाण्यात कुड्या धूत असे आणि त्या दिवशी तिचे कान वेगळेच दिसत.

मग ते खिडकीशी गेले. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहत राहिले. आणि म्हणाले, "पाणी चांगलं आहे."

एवढ्या दिवसांत हा शब्द मी प्रथमच ऐकला. माझा घसा दाटून आला, हे सांगायला संकोच वाटतो.

"जुनी कटाई आहे. रंग जरा पिवळट. पण पाणी फार चांगलं." ते थांबले. "तेरा हिरे आहेत. एक काच आहे."

ही ताडकन म्हणाली, "शक्य नाही! सासूबाईंना कुणीतरी फसवलं." त्यांनी टेबलावरचे पेनासारखे एक यंत्र काढले. हिरा उष्णता तांब्यापेक्षाही झपाट्याने वाहून नेतो. खड्यावर टोक टेकवले की यंत्राला ते कळते आणि ते वाजते. (मॉयसनाइट नावाचा एक खडा याही यंत्राला फसवतो, म्हणून नव्या मालाला एवढ्यावर भरवसा ठेवू नये.) एकेका खड्यावर ते टोक टेकवत गेले. तेरा वेळा यंत्र वाजले. डाव्या कुडीतल्या खालच्या खड्यावर ते गप्प राहिले. "यंत्राचीसुद्धा गरज नाही," असे म्हणून त्यांनी भिंग कन्येच्या हाती दिले. "कडा बघा. पन्नास वर्षांनीसुद्धा हिऱ्याच्या पैलूंच्या कडा सुरीसारख्या आहेत. आणि ह्याच्या बघा, चाटलेल्या खडीसाखरेसारख्या. काच झिजते. मागे वर्ख लावलाय चांदीचा, तो काळा पडलाय. पण काम करणाऱ्यानं काम छान केलंय. बंद कोंदण आहे, म्हणून कुणाला कळलं नाही."

मला कळले होते. मी तिथे होतो.

१९७२-७३ च्या दुष्काळातला तो उन्हाळा. मी दहा वर्षांचा. आळीतल्या आडावर रात्रीचे नंबर लागत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाहून आई परतली तो निरोप आला, की आपला नंबर लागलाय. अंगावरचे बदलायलाही वेळ नव्हता. कानांत कुड्या तशाच. मी कंदील धरला. दोन हंडे आणि एक कळशी भरायची होती. पोहरा वर ओढताना दोराने की हंड्याच्या काठाने, तिच्या कानाला काही लागले. तिने हात कानाला नेला, बोटांनी चाचपले आणि क्षणभर थांबली. मागे बायकांची रांग होती. ती काही बोलली नाही. पोहरा पुन्हा आत सोडला. दोन्ही हंडे भरले, कळशी भरली, तिसऱ्या खेपेला माझ्या तांब्यातही पाणी घातले, आणि मग बाजूला होऊन म्हणाली, "कंदील खाली धर."

सांडलेल्या पाण्याने आडाभोवती चिखल झाला होता. त्या उन्हाळ्यात गावात चिखल होता तो तेवढाच. पहाटेपर्यंत ती तो चिखल मुठीमुठीने चाळत होती. बायका येत होत्या, पाणी ओढत होत्या, चिखल वाढत होता. हिरा सापडला नाही. घराकडे वळताना ती म्हणाली, "अण्णांना सांगू नकोस." अण्णा रेल्वेत गार्ड होते, त्या रात्री ते गाडीवर भुसावळला होते. पुढे चार महिने ती रात्री शिवणयंत्रावर शेजारणींच्या चोळ्या शिवत बसे. त्या पैशातून तिने गावातल्या सोनाराकडून तो काचेचा खडा बसवून घेतला. हिऱ्याला ते पैसे पुरणार नव्हतेच.

ही सारी हकीकत मी त्या खिडकीशी उभा राहून सांगितली. अण्णा १९९८ साली गेले, आई २०११ मध्ये. तिला दिलेला शब्द मी एवढी वर्षे पाळला होता. ही काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथे खरा बसवून घेऊ. किती लागतील?"

जव्हेऱ्यांनी पुड्यांतून त्याच मापाचा एक हिरा काढला आणि मेणाच्या गोळीवर चिकटवून तेरांच्या शेजारी धरला. आम्ही तिघांनी पाहिले. तो पांढराशुभ्र होता. म्हाताऱ्याच्या तोंडात एकच नवा दात बसवावा तसा. त्याची घडण वेगळी, चमक वेगळी, घाई वेगळी. जुन्या घडणीचा, त्याच छटेचा हिरा मिळायला नशीब लागते, असे ते म्हणाले. काच इतकी वर्षे कुणाच्या डोळ्यात आली नव्हती. हा मात्र दारातून ओळखू आला असता. "माझं ऐकाल तर राहू द्या," ते म्हणाले. "धंद्याला बरं नाही, पण राहू द्या." धुण्याचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

कुड्या मोडल्या नाहीत. कन्येने त्या लग्नात तशाच घातल्या.

लग्नाच्या याद्या करताना अण्णांची जुनी ट्रंक उघडली. गार्डाची सवय, आयुष्यात मिळालेली प्रत्येक पावती त्यांनी तारीखवार सुतळीने बांधून ठेवली होती. १९८३ च्या गठ्ठ्यात, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या खर्चात, एका सावकाराची पावती निघाली. दागिने गहाण ठेवल्याची. पाटल्या, गोठ, आणि तिसऱ्या ओळीत मोडक्या अक्षरात: कुड्या जोड १, हिरे नग १३, काच नग १. खाली अण्णांची सही.

तीन वर्षांनी त्यांनी ते दागिने सोडवून आणले, तो दिवस मला आठवतो. ड्यूटीवरून येताना वाटेत घेऊन आले होते. पुडी आईच्या हातात देऊन ते म्हणाले, "बघून घे. सगळे आहेत ना?" आईने दिव्याखाली कुड्या धरल्या, बोटाने एकेक खडा मोजला आणि म्हणाली, "आहेत. चौदा."

"मग झालं तर," अण्णा म्हणाले, आणि टोपी काढून त्यांनी खुंटीला अडकवली.